बासवरून टेनरकडे: अडचण नटपाशी नाही, ब्रिजपाशी आहे

बास गिटार वाजवणाऱ्याला टेनर गिटारच्या (चार तारांची छोटी गिटार) तारा फार जवळजवळ वाटतात, म्हणून रुंद नटची, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी रुंद असलेली टेनर शोधावी, असं काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. जरा मोजून बघा. जॅझ बास या बासच्या मॉडेलचा नट साधारण ३८ मिमी, टेनरचा ३२ च्या आसपास आणि दोन्हींवर चारच तारा. म्हणजे डाव्या हाताला दोन तारांमध्ये जेमतेम दीड-दोन मिमी कमी मिळतात. तारा बारीक असल्याने तेवढं लवकर अंगवळणी पडतं.

खरा फरक उजव्या हाताला जाणवतो. बासच्या ब्रिजवर, म्हणजे तारांच्या खोडाकडच्या टेकूवर, दोन तारांत सुमारे १९ मिमी अंतर असतं, टेनरवर जवळपास निम्मं. तर्जनी-मध्यमेने आलटून पालटून वाजवताना बोट तार छेडून शेजारच्या तारेवर विसावतं, त्या हालचालीला इथे जागाच उरत नाही. मी महिनाभर हट्टाने बोटांनीच वाजवलं आणि प्रत्येक वेळी दोन तारा एकदम वाजल्या. पिक (तारा छेडायची छोटी चकती) घेतल्यावर सुटलो. शेवटी हे वाद्य १९२० च्या दशकात रुळलं तेच पिकने टेनर बँजो वाजवणाऱ्यांमुळे.

जागा वाढवायला ब्रिजवर तारा फाकवून घेऊ नका. वरच्या फ्रेट्सवर (मानेवरच्या आडव्या पट्ट्या) कडेची तार मानेच्या काठावरून घसरते.

आणि हो, टेनरचं सी-जी-डी-ए हे पंचमांचं (शेजारच्या तारांत सा-प एवढं अंतर) ट्यूनिंग बासच्या चतुर्थांची (सा-म एवढं अंतर) सवय पार मोडतं. अंतरापेक्षा मला तेच जास्त जड गेलं.