मदत हवी आहे : जातीवरून छळ, फेलोशिप न थांबता गाइड बदलता येईल का?

माझी रूममेट रसायनशास्त्रात पीएचडी करतेय, चौथं वर्ष. लॅबच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिच्या जातीवरून घाणेरडे मेसेज येतात. परवा तिच्या लॉकरवर खडूनं ‘सरकारचे जावई’ लिहिलेलं होतं. गाइडना सांगितलं, तर म्हणाले, ‘आधी पेपर पूर्ण कर.’ स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवलेत. एससी-एसटी सेलला लेखी तक्रार देऊन महिना झाला, पोचसुद्धा मिळाली नाही. यूजीसीच्या २०१२च्या नियमांत भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितलंय, पण आमच्याकडे तो कोण, हे ऑफिसातही कुणी सांगत नाही. तिची झोप उडालीय. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोलली, तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

पोलिसांत जायची तिची आत्ता तयारी नाही, कृपया तो आग्रह नको. फेलोशिपच्या कागदांवर गाइडचीच सही लागते, सगळं अडलंय तिथे. अशा अवस्थेत कुणी गाइड बदलून घेतलाय का? अर्ज कुणाकडे केलात, आणि जुन्या गाइडचं ना-हरकत पत्र लागलं का?