मदत हवी आहे: 'त्यांना काय जमणार?' हा मावश्यांचा समज कसा बदलावा?

आमच्या निवासी गृहात बौद्धिक दिव्यांग प्रौढ राहतात. त्यांच्या देखभालीला असलेल्या मावश्या फार मायेने करतात, पण भरवणं, अंघोळ, कपडे सगळं स्वतःच. चाळिशीतला माणूसही त्यांच्यासाठी 'लेकरू'च! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यावर व्याख्यान ठेवलं. माना डोलल्या, वागणं तेच. शर्ट घालण्याचे टप्पे दाखवणारे चित्रतक्ते लावले, ते सकाळच्या घाईत मागे पडतात. 'आम्ही केलं नाही तर नातेवाईक म्हणतील, लक्ष देत नाही,' ही त्यांची भीतीही खरी आहे. मनुष्यबळ वाढवता येणार नाही. ज्यांना गिळायला त्रास होतो किंवा फिट येतात, त्यांच्याबद्दल हे विचारत नाहीये. मावश्यांना न दुखावता, निदान एक काम रहिवाशाच्या हाती सोडण्याची सुरुवात तुमच्याकडे कशी झाली, आणि नातेवाइकांना कसं समजावलंत?