टीएसआय द्यायची की नाही, आणि दिली तर कशी

विषय: टेक्सासमधली टीएसआय (कॉलेजच्या इंग्रजी-गणिताची तयारी तपासणारी परीक्षा): बारावी करून आलेल्या मुलीसाठी
प्रेषक: सभासद, फ्रिस्को

नमस्कार मंडळी,
पुतणी महाराष्ट्र बोर्डाची बारावी सायन्स करून आली आहे. कम्युनिटी कॉलेजला (दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज) फॉल सेमिस्टरसाठी अर्ज केलाय, एसएटी (कॉलेज प्रवेशाची परीक्षा) दिलेली नाही. कॉलेज म्हणतं टीएसआय द्या. बारावीला गणितात ८६ असूनही द्यावी लागेल का? आणि नापास झाली तर वर्ष वाया जाईल का?

---
प्रेषक: शिक्षण समिती

ताई, द्यावी लागेल. बारावीच्या मार्कांवर सूट नाही. एसएटीला इंग्रजीत ४८० आणि गणितात ५३० असते तर सुटली असती. ४२ क्रेडिट किंवा त्याहून लहान सर्टिफिकेट कोर्सला टीएसआय लागत नाही, पण तिला पुढे युनिव्हर्सिटीत जायचं असेल तर तो रस्ता नको.

आधी कॉलेजच्या पोर्टलवर 'प्री-असेसमेंट ॲक्टिव्हिटी' (परीक्षेची ओळख करून देणारा ऑनलाइन भाग) पूर्ण करायची. राज्याचा नियमच आहे. ती झाल्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत. शेवटी येणारं सर्टिफिकेट छापून ठेवा, दुसऱ्या केंद्रावर गेलात तर मागतात. ओळखपत्र म्हणून मूळ पासपोर्ट न्या.

परीक्षा कॉम्प्युटरवर, वेळेचं बंधन नाही. पण केंद्राला बंद होण्याची वेळ असतेच, त्यामुळे सकाळचा स्लॉट घ्या. शक्य असेल तर इंग्रजी आणि गणित वेगवेगळ्या दिवशी. एकदा उत्तर देऊन पुढे गेलं की मागे येता येत नाही. 'अवघड आधी सोडून देऊ, शेवटी बघू' ही आपली बोर्डाची सवय इथे चालत नाही.

वर्ष वाया जात नाही. टेक्सासच्या २०१७ च्या एचबी २२२३ कायद्यानंतर कमी पडलेल्यांना कॉलेज लेव्हलचा विषय आणि त्याच सेमिस्टरला जोडून मदतीचा वर्ग असं देतात. फी मात्र त्या जादा वर्गाचीही भरावी लागते. जो भाग राहिला तेवढाच पुन्हा देता येतो, आणि स्कोअर पाच वर्षं चालतो.

---
प्रेषक: सभासद, प्लेनो (गणित शिकवतो)

गणिताबद्दल थोडी भर. आधी २० प्रश्न येतात, स्कोअर ९१० ते ९९० मध्ये, ९५० ला पास. कमी पडलं तर लगेच ४८ प्रश्नांचा डायग्नॉस्टिक (नेमकं कुठे कमी पडतंय ते बघणारा भाग) सुरू होतो. इथेच मुलं घोळ घालतात: नापासच झालो म्हणून पटापट काहीही दाबतात. पण त्यात लेव्हल ६ मिळाली तरी पासच! ही दुसरी संधी आहे, शिक्षा नव्हे. पाणी पिऊन, शांतपणे सोडवायला सांगा.

बारावी सायन्सवाल्यांना बीजगणित सोपं जातं. अडतं ते बॉक्स प्लॉट, स्कॅटर प्लॉट (आकडेवारीचे आलेख), आणि फूट-इंच-गॅलनच्या गणितांत. १ फूट म्हणजे १२ इंच हे माहीत असतं, पण १ चौरस फूट म्हणजे १४४ चौरस इंच हे घाईत विसरतं. स्वतःचा कॅल्क्युलेटर चालत नाही; काही प्रश्नांनाच स्क्रीनवर येतो. बोर्डात हाताने आकडेमोड केलेल्यांना त्याची भीती नको.

आणि ९५० मिळाले म्हणजे थेट कॅल्क्युलस नाही. मॅथ १३१४ (कॉलेज अल्जिब्रा) घेता येईल. २४१३ म्हणजे कॅल्क्युलस १ हवं असेल तर वेगळी प्लेसमेंट टेस्ट आहे का, ते ॲडव्हायझरला विचारा, नाहीतर जे येतं त्यातच एक सेमिस्टर जाईल.

---
प्रेषक: शिक्षण समिती

इंग्रजीत ३० प्रश्न आणि निबंध. ९४५ आणि निबंधाला ५ (८ पैकी) हवेत. ९४५ च्या खाली गेलं तर डायग्नॉस्टिकमध्ये लेव्हल ५ किंवा ६, आणि निबंधाला तरीही ५. म्हणजे निबंध चुकला तर बाकी सगळं फुकट, म्हणून तयारी तिथूनच सुरू करा.

३०० ते ६०० शब्द, एकच बाजू घेऊन. आपल्या शाळेतल्यासारखं 'फायदे, तोटे, तात्पर्य' लिहिलं तर मत नेमकं काय ते कळत नाही. पहिल्या परिच्छेदात भूमिका, मग दोन कारणं, प्रत्येकाला एक ठोस उदाहरण, आणि समोरच्याचा एक आक्षेप खोडून काढणं. सुविचार नकोत. स्पेलचेक नसतो, म्हणून घरी नोटपॅडमध्ये टाइप करून सराव करू दे, वर्डमध्ये नको.

कॉलेज बोर्डाच्या (ही परीक्षा बनवणारी संस्था) साइटवर टीएसआयए२ चे, म्हणजे टीएसआयच्या आत्ताच्या परीक्षेचे, नमुना प्रश्न फुकट आहेत. '२' बघूनच घ्या. जानेवारी २०२१ आधीच्या जुन्या परीक्षेची पुस्तकं अजून फिरतात, त्यातले कटऑफ वेगळे आहेत.