बाळ येण्याआधीचा सुरक्षा आराखडा: मदत हवी आहे

माती: वस्तीतल्या एका ताईंना नववा लागलाय. घरच्यांसोबत बसून आराखडा केला: 'वडील दारू पिणार नाहीत, आई लक्ष ठेवील, सासू मदत करील.' सगळ्यांच्या सह्या आहेत. सुपरवायझर म्हणतात, हा आराखडाच नाही. मग लिहायचं काय? लवकर सांगा.

रानवारा: धोका नेमका कोणता? आधीच्या मुलाला काही झालं होतं?

माती: पहिल्या मुलीचा हात तिसऱ्या महिन्यात मोडला. वडील प्यायलेले होते, ती रडायची थांबेना. बायकोलाही मारतात.

रानवारा: हेच आधी सांगायचं ना! 'पिणार नाही' ही शपथ झाली. 'प्यायला तर' लिहा: बाळ कोण उचलणार, कुठे नेणार, तो कुठे झोपणार. घराबाहेरची दोन-तीन माणसं हवीत आणि हात कसा मोडला हे त्यांना खरंखरं माहीत हवं. 'पाळण्यातून पडली' एवढंच ऐकलेली शेजारीण रात्री धावून येणार नाही. रात्री अकराला एकदा फोन लावून बघा, कोण उचलतं ते.

सुगरण: सरळ माहेरी पाठवा की.

रानवारा: सव्वा महिन्याने परत येणारच. बाळाचं रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात वाढतं आणि आशाताईंच्या नवजात भेटीही ४२व्या दिवशी संपतात. पुढची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्यात. मधले आठवडे कोण येणार, ते नावानिशी लिहा.

घरधनी: बाळ बाल कल्याण समितीकडे द्या. बाल न्याय कायदा, कलम ३५.

अॅड_दुपार: ३५ म्हणजे आईवडिलांनी स्वतः बाळाचा हक्क सोडणं, त्यालाही फेरविचाराला दोन महिने. इथे तो प्रश्नच नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा. नवऱ्यालाच घराबाहेर राहायचा आदेश कोर्ट देऊ शकतं. बाईंशी एकांतात बोला, आणि तिच्या स्वतःच्या सुरक्षेचं जे लिहाल तो कागद घरात ठेवू नका. माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, थोडे पैसे शेजारी ठेवायला सांगा.

सुगरण: जन्मनोंद २१ दिवसांत करा हं, नंतर विलंब शुल्क लागतं.

रानवारा: पहिली मुलगी आता कुठे असते?

माती: घरीच.

रानवारा: मग बाळाची वाट कसली बघताय? आराखडा आज रात्रीपासून, तिच्या नावाने. १०९८ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला, आजच कळवा. हाणामारी चालू असेल तर पोलिसांसाठी ११२.