मदत हवी आहे: एआरटीवरच्या (एचआयव्हीची औषधं घेणाऱ्या) किशोरवयीन मुलांचा गट कसा बसवावा?

१३ ते १७ वयाच्या मुलांकडून पीएचक्यू-९ (नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली) मराठीत भरून घेतो. १० किंवा जास्त गुण आले की समुपदेशन. नवव्या प्रश्नाला (मरणाचे, स्वतःला इजा करण्याचे विचार) शून्याहून जास्त उत्तर आलं तर एकूण गुण कितीही असोत, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. इथवर ठीक. पण पालक शेजारी असले की मुलं सगळीकडे ० लिहितात, आणि गोळ्या चुकल्याचं व्हायरल लोड (दर मिलीलिटर रक्तातलं विषाणूचं प्रमाण) १०००च्या वर गेल्यावरच कळतं.

मुख्य अडचण वेगळीच. काहींना घरी ‘ताकदीच्या गोळ्या’ एवढंच सांगितलंय. एचआयव्हीचं निदान माहीत असलेल्यांबरोबर बसवलं तर गटातच गुपित फुटतं. टप्प्याटप्प्याने सांगून झाल्यावरच गटात घेता, की दोन गट करता? आजी-आजोबाच सांभाळत असतील तर सांगायला सुरुवात कोण करतं? आणि वसतिगृहात गोळ्यांच्या डबीचा खुळखुळाट कसा टाळता?