'चिखलफेक' आणि 'विपर्यास' एकच का? ब्रिटिश राजकारणावरच्या लेखात अडलेले शब्द

दौतटाक
नमस्कार मंडळी. एका मासिकासाठी ब्रिटनमधल्या राजकीय भाषेवरच्या लेखाचं मराठी करते आहे. त्यात 'मडस्लिंगिंग'ला मी 'चिखलफेक' लिहिलं आणि 'कोटेड आउट ऑफ कॉन्टेक्स्ट'ला 'विपर्यास'. संपादकांनी दोन्ही ठिकाणी 'चिखलफेक' करून पान परत पाठवलं. वाचकाला दोन्ही सारखंच, असं त्यांचं म्हणणं.

मला ते अजिबात पटत नाही. एकाच माणसाची दोन उदाहरणं देते. 31 जानेवारी 2022 ला तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन भर सभागृहात म्हणाले की विरोधी पक्षनेते केअर स्टार्मर सरकारी अभियोग खात्याचे प्रमुख असताना त्यांनी जिमी सॅव्हिल या लैंगिक अत्याचारांचे आरोप असलेल्या टीव्ही निवेदकावर खटला भरला नाही. खात्याचे प्रमुख स्टार्मर होते हे खरं, पण त्या निर्णयात त्यांचा स्वतःचा हात असल्याचा काहीही पुरावा नव्हता. जॉन्सन यांच्या जुन्या सहकारी मुनिरा मिर्झा यांनी याच वाक्यावरून तीन दिवसांत राजीनामा दिला. ही झाली चिखलफेक.

आता नोव्हेंबर 2019. निवडणूक तोंडावर होती. सकाळच्या एका टीव्ही कार्यक्रमात स्टार्मर यांना ब्रेक्झिटवर प्रश्न विचारला, त्यांनी लगेच उत्तर दिलं. जॉन्सन यांच्या हुजूर पक्षाने त्या मुलाखतीची जी फीत पसरवली तिच्यात उत्तर कापून टाकलं होतं आणि प्रश्नानंतर स्टार्मर नुसते गप्प बसलेले दिसत होते. बाहेरून काहीच आणलं नाही. त्यांचाच चेहरा, त्यांचंच मौन. याला चिखलफेक कशी म्हणू? आणि खरं सांगायचं तर 'विपर्यास'ही पुरा पडत नाही, कारण विपर्यास बोललेल्याचा होतो, न बोललेल्याचा कसा होईल? काय लिहू?

साधं बोला
'वाक्य तोडून दाखवलं.' संपलं. माझी आजी भांडण सोडवताना म्हणायची, "अर्धं ऐकून पुरतं सांगू नका गं." तिला कुठलाही संस्कृत शब्द लागला नाही.

व्युत्पत्तीवेडा
दौतटाक, प्रश्न फार चांगला आहे. 'विपर्यास' म्हणजे वि + परि + अस्. यातला 'अस्' धातू असण्याचा नाही, फेकण्याचा आहे. 'अस्त्र' त्याच धातूतून येतं. म्हणजे उलटं करून फेकणं हे विपर्यासाच्या पोटातच आहे. तुमच्या संपादकांना दोन्हींत फेकणं दिसलं ते उगाच नाही!

आणि 'संदर्भ' बघा. सम् + दृभ्, म्हणजे एकत्र गुंफणं. इंग्रजी 'कॉन्टेक्स्ट' ज्या लॅटिन शब्दातून आला त्याचाही अर्थ एकत्र विणणं. दोन भाषांना एकच चित्र सुचलं. म्हणून 'संदर्भ सोडून' हा प्रयोग मला ढिला वाटतो. गुंफलेलं कोणी सोडत नाही, उसवतं किंवा तोडतं. 'संदर्भ तोडून' म्हणा.

घाटमाथा
व्युत्पत्ती ठीक, पण आज तो शब्द कानावर कसा पडतो ते बघा ना. "माझ्या वक्तव्याचा विपर्यास करण्यात आला." आपल्याकडे वाट्टेल ते बोलून दुसऱ्या दिवशी हेच वाक्य पत्रकारांपुढे टाकतात. हा शब्द इतका वापरला गेलाय की वाचकाला तो ऐकताक्षणी वाटतं, बोलणाऱ्यानेच काहीतरी केलं असणार. ज्याच्यावर खरोखर अन्याय झाला त्याच्यासाठी तो शब्द उरलाच नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

ब्रिटनचंच घ्या. हुजूर पक्षाचे खासदार इनॉक पॉवेल यांचं 20 एप्रिल 1968 चं बर्मिंगहममधलं, स्थलांतरितांविरुद्धचं भाषण 'रक्ताच्या नद्या' म्हणून ओळखलं जातं. हे शब्द त्यांनी उच्चारलेच नव्हते. व्हर्जिलच्या काव्यातली, रक्ताने फेसाळणाऱ्या टायबर नदीची ओळ त्यांनी सांगितली होती. म्हणून काय विपर्यास झाला? छे. भाषण पूर्ण वाचलं की उलट जास्तच अंगावर येतं. पक्षनेते एडवर्ड हीथ यांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना विरोधी पक्षाच्या छाया मंत्रिमंडळातून काढलं, ते काही एका मथळ्यामुळे नव्हे. शब्द बदलला तरी अर्थ शाबूत राहू शकतो. दर वेळी 'संदर्भ, संदर्भ' करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

थेम्सकाठी
मी ब्रिटनमध्येच राहते, तर घरातली एक गोष्ट सांगते. बाबा 1974 मध्ये लंडनला आले. 1978-79 च्या त्या संपांच्या हिवाळ्याबद्दल ते नेहमी बोलायचे. लेस्टर स्क्वेअरमध्ये साठलेला कचरा, कुडकुडत काढलेल्या रात्री. आणि दर वेळी सांगायचे, "कॅलहन विमानातून उतरला आणि कॅमेऱ्यासमोर म्हणाला, 'क्रायसिस? व्हॉट क्रायसिस?' मी स्वतः टीव्हीवर पाहिलंय."

तसं तेव्हाचे पंतप्रधान कॅलहन म्हणालेच नव्हते. ग्वादेलूपची परिषद आटोपून जानेवारी 1979 मध्ये परतले तेव्हा विमानतळावर पत्रकारांनी देशातल्या वाढत्या गोंधळाबद्दल विचारलं. त्यांचं उत्तर असं होतं की गोंधळ वाढतोय असं जगातल्या इतर लोकांना वाटेल असं मला वाटत नाही. 'सन' या दैनिकाने दुसऱ्या दिवशी, 11 जानेवारीला, ते तीन शब्द मथळ्यात छापले. मी बाबांना छापील पुरावा दाखवला, तरी ते हटले नाहीत. "मला त्याचा आवाज आठवतोय," म्हणाले. शेवटपर्यंत.

म्हणून माझी विनंती अशी की शब्द असा शोधा ज्यात ऐकणाऱ्याचं काय होतं तेही येईल. कापणाऱ्याचं काम एका दिवसाचं असतं. आमच्या घरात तो मथळा चाळीस वर्षं नांदला.

मोडीवाचक
मंडळी, आपल्या भाषेत यासाठी खणखणीत वाक्प्रचार आहे आणि तो अजून कोणालाच आठवला नाही? 'ध' चा 'मा' करणे! 'नारायणरावांस धरावे'चं 'मारावे' झालं आणि 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात काय घडलं ते शाळकरी पोरालाही माहीत आहे. कॅलहन यांच्याबाबतीत 'सन'ने हेच केलं. दौतटाक, डोळे मिटून लिहा.

दौतटाक
मोडीवाचक, कॅलहनना हा फारच छान बसतो, कारण तिथे शब्दच बदलले. पण माझ्या लेखातलं मुख्य उदाहरण थॅचर यांचं आहे आणि तिथे एक अक्षरही बदललेलं नाही. 'समाज अशी काही गोष्टच नसते' हे त्या म्हणाल्याच होत्या. 'वुमन्स ओन' साप्ताहिकात 31 ऑक्टोबर 1987 ला मुलाखत छापून आली. फक्त त्याच्या पुढेमागे जे होतं ते गळून गेलं. माणसं आहेत, कुटुंबं आहेत, सरकार जे काही करतं ते माणसांमार्फतच करतं, आधी स्वतःचं बघायचं आणि मग शेजाऱ्यालाही हात द्यायचा, असा सगळा तो ओघ होता. पुढच्या वर्षी जुलैमध्ये पंतप्रधान कार्यालयाला 'संडे टाइम्स'मध्ये खुलासा द्यावा लागला. तो कोणाच्या लक्षात आहे?

इथे 'ध' जागेवरच आहे. आजूबाजूची अक्षरं गेली.

घाटमाथा
थॅचरबाईंचं पूर्ण वाक्य वाचूनही मला त्यांचं म्हणणं पटत नाही, हे नोंदवतो. खाणकामगारांच्या गावांत ते वाक्य का डसलं ते कळतं. पण विरोध करायचा तर पूर्ण वाक्याला करावा, हे मान्य.

थेम्सकाठी
मोडीवाचक, एक राहून राहून वाटतं म्हणून लिहिते. अक्षर आनंदीबाईंनीच बदललं हे कुठल्या अस्सल कागदाने सिद्ध झालंय का? नाही ना? मग हा वाक्प्रचारच अडीचशे वर्षं एका बाईवर पडत राहिलेला चिखल आहे. तो आपण बेधडक वापरायचा, तोही खोट्या उद्धृतांविरुद्धच्या लेखात?

मोडीवाचक
वाक्प्रचाराला इतिहासाचा दाखला मागू नये. 'अकलेचा कांदा' म्हणताना आपण कांद्यावर अन्याय करत नाही. भाषेत रुळलं ते रुळलं.

थेम्सकाठी
कांद्याला बदनामी नसते. बाईला असते.

स्वभाषा
इथे 'कोटेड', 'कॉन्टेक्स्ट', 'टीव्ही' असं सर्रास चाललंय म्हणून लिहितो. मराठीत 'अवतरण' आहे, 'उद्धरण' आहे. मग नवा शब्द घडवायला काय हरकत? 'उक्तिच्छेद' किंवा 'अवतरणभंग'. महापौर, दिनांक हे शब्दही सावरकरांनी सुचवले तेव्हा लोकांना परकेच वाटले होते. आज रोज तोंडात आहेत. शब्द वापरायला घ्यावा लागतो, मग तो आपला होतो.

साधं बोला
'दिनांक' कागदावर आहे, तोंडात 'तारीख'च आहे. आमच्या गावात कोणी 'आज दिनांक किती' विचारत नाही. 'उक्तिच्छेद' छापलात तर वाचक त्या ओळीवरून पुढे निघून जाईल आणि लेखातला मुद्दाही जाईल.

स्वभाषा
'तारीख' अरबी आहे आणि तरी ती घ्यायची, पण आपल्याच धातूंतून घडवलेला शब्द परका, हा कुठला न्याय?

साधं बोला
वापराचा.

व्युत्पत्तीवेडा
भांडण बाजूला ठेवून एक जुनी गोष्ट सुचवतो. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी तात्पर्य ठरवायची सहा लक्षणं सांगितली आहेत, त्यांत पहिलं उपक्रम आणि उपसंहार, म्हणजे सुरुवात आणि शेवट एकत्र वाचा. मधलंच एक वाक्य धरून अर्थ काढायचा नाही, हा नियम आपल्याकडे इतका जुना आहे. 'पूर्वापर' हा शब्द मला म्हणून आवडतो. 'पूर्वापर संबंध तोडून' हे 'संदर्भ सोडून'पेक्षा किती स्पष्ट आहे!

पंतप्रधान मॅकमिलन यांना लावून बघा. 20 जुलै 1957 ला बेडफर्डमध्ये ते म्हणाले की आपल्यातल्या बहुतेकांना इतके चांगले दिवस पूर्वी कधी आले नव्हते. लोकांनी ती फुशारकी म्हणून लक्षात ठेवली. पण पुढेच त्यांनी विचारलं होतं, हे टिकेल का? भाषण महागाईची काळजी सांगणारं होतं. उपक्रम उरला, उपसंहार गेला.

पाणवठा
'नरो वा कुंजरो वा' चालेल का? 'अश्वत्थामा हतः' एवढं द्रोणाचार्यांना ऐकू आलं आणि पुढचे शब्द शंखांच्या आवाजात बुडाले. पुढचे शब्द ऐकू न येऊ देणं, हेच तर थॅचर आणि मॅकमिलन यांच्याबाबतीत झालं.

मोडीवाचक
पण तिथे धर्मराज स्वतः सामील होता! बोलणाराच फसवत होता. थॅचर यांनी काही स्वतःचं वाक्य बुडवलं नाही. शिवाय मराठीत 'नरो वा कुंजरो वा' म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही, असं गुळमुळीत बोलणं. वाचक भलतीकडे जाईल.

पाणवठा
मान्य, वापर तसाच आहे. पण शंख कोणी फुंकला हे विचारायला मराठीत शब्द हवा, एवढं नक्की. वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेत तर बघा, सभागृहात दुसऱ्याला 'खोटारडा' म्हणायची सोय नाही. जुलै 2021 मध्ये खासदार डॉन बटलर यांनी जॉन्सन वारंवार खोटं बोलल्याचं सांगितलं, शब्द मागे घ्यायला नकार दिला, तर त्यांनाच बाहेर जावं लागलं. म्हणून तिथे चर्चिल यांचं 'टर्मिनॉलॉजिकल इनएक्झॅक्टिट्यूड' अजून आठवतात, खोट्याला सभ्य पर्याय म्हणून. मी त्याचं 'शाब्दिक अयथार्थता' केलं होतं.

व्युत्पत्तीवेडा
आणि गंमत नव्हे, अगदी खरं सांगतो, तेही वाक्य पूर्वापर तोडूनच जगलं आहे. 1906 मध्ये चर्चिल दक्षिण आफ्रिकेतल्या चिनी मजुरांच्या करारांबद्दल बोलत होते. त्याला 'गुलामगिरी' म्हणणं शब्दाच्या काटेकोर अर्थाने चुकीचं ठरेल, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. कोणाला खोटारडा म्हणायचं नव्हतंच. म्हणजे 'शाब्दिक अयथार्थता' हे तुमचं भाषांतर मूळ प्रसंगाला तंतोतंत बरोबर आहे.

मांडवीकाठ
उशिरा आले. मला मुळात 'चिखलफेक' या शब्दावरच बोलायचंय. आमच्या गोव्यात माशेलला, देवकीकृष्णाच्या देवळासमोर, आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलकालो असतो. अंगाला तेल लावून थोरली माणसं आणि पोरं चिखलात लोळतात, एकमेकांना माखतात. लहानपणी मामा मला खांद्यावर घेऊन जायचा. त्या चिखलाला आम्ही पाया पडतो. 'चिखलफेक' वाचलं की मला तो मैदानातला ओला वास येतो आणि शब्दाचा राग येतो. घाणच म्हणायची असेल तर घाण म्हणा. माझं मत 'आरोपांची राळ'ला.

साधं बोला
राळ म्हणजे धूळच ना? धुरळ्याचं लहान रूप?

मांडवीकाठ
नाही हो! राळ म्हणजे झाडाचा डिंकासारखा चीक, वाळवून कुटलेला. दशावतारात राक्षस येतो तेव्हा पेटत्या मशालीवर तिची पूड फेकतात आणि भस्सकन् जाळ उठतो. मी पहिल्या रांगेत बसून पाहिलंय, डोळे मिटायचे आपोआप. राळ उडवली की क्षणभर पलीकडचा माणूस दिसतच नाही.

दौतटाक
अहो, हे तर माझ्या लेखाला जास्त जवळचं आहे! चिखल डाग ठेवतो, राळ दिसेनासं करते. पण मग स्टार्मरच्या त्या कापलेल्या फितीला राळ म्हणायचं का? तिथे जाळ कुठे होता? उलट सगळं शांत होतं, हेच तर दाखवायचं होतं त्यांना.

घाटमाथा
आमच्याकडे देशावर गोंधळात दिवटीवर तेल घालतात, राळ पाहिली नाही. 'राळ उडवणे' कोकणातून आला म्हणता? की वरी-राळ्यातला राळा? मळणीला त्याचं भूसही उडतंच.

व्युत्पत्तीवेडा
राळ्याशी संबंध नसावा. 'राळ' संस्कृत 'राल'वरून. पण भुसाची कल्पना मोडवत नाही.

मोडीवाचक
राळ जहाजांच्या फटी बुजवायलाही वापरत. म्हणजे उडवायच्या आधी ती जोडायच्या कामाची होती.

मांडवीकाठ
हो, आणि आमच्याकडे सोनारही वापरतात. मशालीची कुठली आणि सोनाराची कुठली, ते जत्रेला गेले की मशालवाल्यालाच विचारते.

दौतटाक
जरूर विचारा. माझं पान उद्या दुपारी जातंय. तोवर मौनासाठी कोणाला काही सुचलं तर रात्री कितीही वाजता लिहा, मी जागी आहे.