आउटलुकचे जुने मेल थंडरबर्डमध्ये कसे न्यायचे?

प्रश्न: बाबांच्या जुन्या विंडोज मशीनवर 2009 पासूनचे मेल आउटलुकमध्ये आहेत, नवीन लॅपटॉपवर लिनक्स टाकलंय, पीएसटी फाइल (आउटलुक मेल जिच्यात साठवतं ती) पेनड्राइव्हवर आणली पण थंडरबर्ड हा मेल प्रोग्राम ती उघडतच नाही, काय करू?

उत्तर: थंडरबर्डला पीएसटी थेट वाचता येत नाही हो, त्याला एमबॉक्स (मेल साठवायचा दुसरा फाइल प्रकार) लागतं. लिनक्सवर रीडपीएसटी नावाचं फुकट टूल मिळतं, ते फोल्डरवार एमबॉक्स काढून देतं.

उत्तर: मेल कमी असतील तर जुन्या आउटलुकलाच जीमेल आयमॅपने (मेल सर्व्हरवरच ठेवायची पद्धत) जोडा आणि फोल्डर सरळ त्यात ओढून टाका, तिकडे थंडरबर्डमध्ये तेच जीमेल खातं जोडलं की आपोआप दिसतील. फक्त जीमेलची फुकटची जागा 15 जीबीच, त्यात गूगल फोटो-ड्राइव्ह सगळं आलं.

प्रश्नकर्ता: रीडपीएसटी चाललं! मेलचे मराठीतले विषयही नीट दिसतायत, खूप आभार.

उत्तर: मस्त! पण अटॅचमेंट उघडून बघितल्याशिवाय जुनी डिस्क फॉरमॅट करू नका.